हद्दवाढ: आमच्या कॉलनीनं 'हो' म्हणायचं की 'नको'?

सीमेवरची
गेली चार वर्षं मी कोल्हापूरच्या दक्षिणेला एका गावात राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गाव लहान आहे आणि भांडण मोठं. २०१९ ला शाहूपुरीतल्या सासरच्या घरात पुराचं पाणी आलं, २०२१ ला परत आलं. दुसऱ्यांदा गाद्या उन्हात टाकताना सासूबाईच म्हणाल्या, आता उंचावर जागा बघा. म्हणून पठारावर फ्लॅट घेतला. गॅलरीतून सगळं शहर दिसतं, पण आम्ही शहरात नाही.

म्हणजे कसं ते सांगतो. बिल्डिंगसमोरच्या रस्त्याची पलीकडची बाजू महापालिकेची, अलीकडची ग्रामपंचायतीची. सकाळी सव्वासातला पलीकडं कचऱ्याचा टिप्पर येतो, गाणं वाजवत. आमच्या बाजूच्या बायका डबे घेऊन रस्ता ओलांडतात. मुकादम सोबत असला की ड्रायव्हर आरशातूनच मान हलवतो, म्हणजे आज नको. नसला की थांबतो. परवा त्यानं विचारलं, "वहिनी, तुमचं कधी व्हायचं?" जणू माझं लग्नच ठरायचं राहिलंय.

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. विषय हद्दवाढीला, म्हणजे गाव महापालिकेत घ्यायला, विरोधाचा ठराव. कॉलनीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. पाणी दोन दिवसाआड, ड्रेनेज नाही, सेप्टिक टँक भरला की गाडी बोलवायची. पण घरफाळा (घरपट्टी) कमी आहे आणि सरपंच फोन उचलतो. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हद्द एक इंच वाढली नाही, हे मी शाळेपासून ऐकतोय. माझं मत शहरात जावं असं आहे. नवरा म्हणतो, चाललंय ते बरं आहे. तुम्ही काय म्हणता?

दादरचं_कबूतर
'वहिनी' आणि 'मी राहतो'? आयडी बाईंचा की बुवांचा?

बावड्याची_आक्का
कोल्हापूरच्या बायका जातो-येतोच म्हणतात, बाळ. पुढं चला.

मिसळ_कमी_तिखट
नाव लिहीत नाही म्हणे. दक्षिणेला, पठारावर, पाणी दोन दिवसाआड. मग उरली किती गावं! बोटं पण पुरी लागत नाहीत मोजायला.

पेठेतला_पैलवान
यात विचारायचं काय आहे? पोरं शहरातल्या शाळेत, नोकरी शहरात, दवाखाना सीपीआर, रंकाळ्यावर भेळ, अंबाबाईला नवरात्रात रांग. केएमटीच्या सिटी बसनं जाताय-येताय. रात्री झोपायला तेवढं गाव, आणि फाळा द्यायची वेळ आली की "आम्ही शेतकरी"! ६६.८२ चौरस किलोमीटरमध्ये साडेपाच लाख लोक कोंबलेत, आणि आजूबाजूची वेगळी. स्मार्ट सिटीत सोलापूर गेलं, आपण नाही. लोकसंख्या कमी, म्हणून निधी कमी. हद्दवाढ झालीच पाहिजे.

गुऱ्हाळवाला
पैलवान, जरा दमानं. शहरातल्या माणसाला वाटतंय गावाबाहेर नुसत्या बिल्डिंगाच हायत. माझा दोन एकर ऊस हाय, चार म्हशी हायत, नदीवर मोटर हाय. तुमच्या नकाशात माझ्या रानावर बाग नाहीतर दवाखाना असं आरक्षण पडलं की मी काय करू? विकता येत नाही, बांधता येत नाही. मोबदला म्हणून पैशाऐवजी टीडीआरचा, म्हणजे दुसरीकडं बांधकामाच्या हक्काचा, कागद देणार. तो कागद म्हशी खात न्हाईत.

आणि दुसरं. जुन्या प्रस्तावात १८ गावं आणि दोन एमआयडीसी होत्या, शिरोली आणि गोकुळ शिरगाव. गावं कशाला पायजेत ते सांगा बघू. एमआयडीसीचा फाळा पायजे. गावं आपली भाजीवर कोथिंबीर.

पेठेतला_पैलवान
म्हशी शहरात चालत नाहीत असं कोण म्हणालं? गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळून धारोष्ण दूध मिळतंय. पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी पळवतोय आम्ही. कोल्हापूर आहे हे, सिंगापूर नव्हे.

गुऱ्हाळवाला
त्या कट्ट्यावर म्हशी कुठनं येत्यात, ते पण सांग की भावा.

बावड्याची_आक्का
दोघांचं बरोबर आहे आणि दोघं पण अर्धं सांगतायत. आमचा कसबा बावडा शहरात आहे. पत्ता शहराचा, माणसं गावाची. राजाराम कारखान्याचा भोंगा, कडेनं ऊस, म्हशी, तालीम, सगळं आहे. शहरात गेल्यानं गावपण गेलं नाही. पण एक सांगते. सगळ्या शहराचा कचरा कुठं येतो? लाईन बझारला, झूमच्या कचरा डेपोवर, आमच्याच उशाला. आणि शहराच्या मैलापाण्याचं ७६ एमएलडीचं (दिवसाला ७६ दशलक्ष लिटर) केंद्र पण बावड्यातच. गुऱ्हाळवाल्यांनी आरक्षणाची भीती घातली ती खरी आहे, फक्त बागेची भीती घालायची नाही. बाग झाली तर नशीब.

(गंमत म्हणजे मी पण घरात "मी जातो" म्हणतो. इथं लिहिताना शाळेतली बाई आठवते म्हणून 'सांगते' लिहिलं.)

वकीलकाका
थोडं कायद्याचं, कारण दोन्ही बाजूंनी अंधारात लाठ्या चालल्यात.

हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम ३. महापालिकेशी विचारविनिमय करून शासन आधी मसुदा प्रसिद्ध करतं, हरकती-सूचना मागवतं, मग अंतिम अधिसूचना. ग्रामसभेनं विरोधाचा ठराव केला म्हणून अधिसूचना आपोआप अडत नाही. ठरावाला राजकीय वजन असतं, आणि कोल्हापुरात ते वजन पन्नास वर्षं पुरून उरलंय, हा भाग वेगळा.

घरफाळा: गाव आत आल्या दिवशी शहराचा दर लागत नाही. सुरुवातीला ग्रामपंचायतीचाच दर, मग दरवर्षी वीस-वीस टक्क्यांनी चढत पूर्ण दरापर्यंत. म्हणजे भाजतंय, पण एकदम नाही.

आरक्षण: दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि नंतरच्या मुदतीतही काही झालं नाही तर आरक्षण उठतं. गुऱ्हाळवाल्यांची भीती खोटी नाही, पण ती जन्मठेप नाही.

ग्रामपंचायत बरखास्त होते. सरपंच, उपसरपंच, सदस्य, सगळे माजी होतात. विरोधाचं मूळ शोधायचं असेल तर हे वाक्य दोनदा वाचा.

गुऱ्हाळवाला
काका, सरपंच माजी होतोय म्हणून आम्ही विरोध करतोय असं म्हणायचंय काय? आमचा सरपंच शेजारच्या गल्लीत राहतोय. रात्री अकराला दार वाजवलं तरी बनियनवर बाहेर येतोय. तुमच्या नगरसेवकाला कधी बनियनवर बघितलंय?

मिसळ_कमी_तिखट
आमचा नगरसेवक तालमीतला. बनियन पण नसतं.

सीमेवरची
😂 वकीलकाका, हे कुणीच नीट सांगितलं नव्हतं. ग्रुपवर तर "पहिल्या महिन्यापासून पाचपट फाळा" असं फिरतंय.

घाटाखालचा
मी मूळचा कोल्हापूरचा, आता दुसऱ्या एका शहरात. आमचं गाव काही वर्षांपूर्वी तिथल्या महापालिकेत गेलं. कुठलं ते विचारू नका, माझं तिथं अजून एक काम अडकलंय.

पहिल्या वर्षी काय झालं? ग्रामपंचायतीच्या दारावरची पाटी बदलली. बाकी काही नाही. दुसऱ्या वर्षी फाळ्याची नोटीस आली. तिसऱ्या वर्षी आमच्या गल्लीचा दिवा गेला. पूर्वी शिपायाला सांगितलं की संध्याकाळी शिडी घेऊन यायचा. आता ॲपवर तक्रार नोंदवायची. नोंदवली. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'तक्रार निकाली'. मी खाली जाऊन बघितलं, दिवा तसाच बंद. पुन्हा नोंदवली, पुन्हा निकाली. शेवटी आधीच्याच शिपायाला फोन केला. तो आता महापालिकेत कामाला, दुसऱ्या टोकाला बदली झालेली. रविवारी सुट्टीच्या दिवशी स्वतःची शिडी घेऊन आला बिचारा.

पण पाचव्या वर्षी ड्रेनेजची लाईन पडली. सेप्टिकची गाडी बोलवायची कटकट गेली, वास गेला, आईच्या गुडघ्याला डास चावायचे ते कमी झाले. त्यामुळं आता मला कुणी विचारलं की बरं झालं की वाईट, तर मला सांगता येत नाही. माझ्या बायकोला येतं. ती म्हणते ड्रेनेज.

वळिवडे_लोकल
गांधीनगरकडून एक शब्द. आमच्याकडं फाळणीनंतर आलेली सिंधी मंडळी, कापडाची घाऊक पेठ, आख्खा जिल्हा इथं लग्नाचा बस्ता बांधायला येतो. त्याआधी महायुद्धात याच वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, हजारो लोक, पाच वर्षं. म्हणजे आमच्या जागेनं पोलंड, सिंध, करवीर तालुका आणि आता विकास प्राधिकरण, सगळं बघितलंय. कोल्हापूर महापालिका तेवढी राहिली.

मिसळ_कमी_तिखट
प्राधिकरण म्हणजे कुठलं? पाण्याचं (जीवन प्राधिकरण) का बिनपाण्याचं?

वळिवडे_लोकल
दोन्ही बिनपाण्याची.

नकाशा
बिनपाण्याच्या प्राधिकरणाबद्दल मी सांगतो, कारण हद्दवाढीच्या भांडणातच ते जन्माला आलं. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी तोडगा म्हणून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण काढलं, ४२ गावं त्यात घातली. शहर म्हणालं आम्हाला काही मिळालं नाही. गावं म्हणाली आमच्या डोक्यावर अजून एक कार्यालय बसलं. बांधकाम परवानगी तिकडं, पाणी इकडं, कचरा कुणीकडंच नाही.

पण मला मुद्दा वेगळा वाटतो. शहराचा नकाशा समोर धरा. उत्तरेला आणि पश्चिमेला पंचगंगा आहे, आणि तिची पूररेषा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथं पहिलीतल्या पोराला पाठ असतं. २०१९ आणि २०२१ नंतर त्या बाजूला शहाणा माणूस घर बांधत नाही. मग शहर जाणार कुठं? दक्षिणेला आणि पूर्वेला. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, उचगाव. शहर तिकडं गेलेलंच आहे. सीमेवरची ताईंसारखे लोक कागद सोडून सगळ्या अर्थानं हद्दवाढ करून बसलेत. प्रश्न एवढाच की त्यांच्या सेप्टिक टँकमधून झिरपलेलं पाणी ज्या ओढ्यानं जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत जातं, त्या ओढ्याला हद्द कळते का?

पेठेतला_पैलवान
वा! हेच म्हणत होतो मी.

नकाशा
नाही पैलवान, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही निधी म्हणत होता. आणि महापालिकेला जे आत आहे तेच झेपत नाही, हे पण लिहून ठेवा. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनला मंजुरी २०१३ च्या सुमाराची, पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला आलं २०२३ च्या दिवाळीत. आता कुठं पाणी आलंय, आणि नळाच्या चाव्या वाढवायच्या म्हणता.

बावड्याची_आक्का
त्या दिवाळीला अभ्यंगस्नान थेट पाईपलाईनच्या पाण्यानं करायचं म्हणून लोकांनी किती वर्षं वाट बघितली होती. आमच्याकडं एक आजोबा वाट बघूनच गेले.

दादरचं_कबूतर
चावी म्हणजे? कुलपाची?

मिसळ_कमी_तिखट
नळ रे. चावीला पाणी आलं की आम्ही दार पण उघडत नाही, घागर भरतो.

गुऱ्हाळवाला
नकाशासाहेब, ओढ्याचं पटलं. खरंच पटलं. माझ्या विहिरीचं पाणी आता जनावरं तोंड लावत न्हाईत. पण ते पाणी घाण केलं कुणी? बिल्डरनं प्लॉट पाडले, फ्लॅट इकले, गेला निघून. फ्लॅटवाले आले, त्यांनी म्हटलं गावात सुविधा न्हाई. अहो, गाव तुमच्या आधीपासनं हाय! दोन हजार माणसांची पाण्याची टाकी, तिच्यावर आता किती हजार? आम्ही तुम्हाला बोलवायला आलो न्हवतो.

ताई, तुमच्यावर राग न्हाई. पण ग्रामसभेत तुमच्या कॉलनीतलं एक तरी माणूस ह्याआधी कधी आलंय का? लाईट न्हाई, पाणी न्हाई म्हणून फोन येतोय. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला खुर्च्या मोकळ्या.

सीमेवरची
नाही. मी पण कधी गेलो नाही. खोटं कशाला बोलू.

वकीलकाका
सीमेवरची ताई, एक विचारू का? रविवारच्या सभेला जायचं म्हणताय, पण त्या गावच्या मतदार यादीत तुमचं नाव आहे का? ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारांची सभा. फ्लॅट तिथं आहे, फाळा तिथं भरता, त्यानं पुरत नाही.

सीमेवरची
थांबा, बघतो.

मिसळ_कमी_तिखट
गेल्या त्या. आता दोन दिवसाआड येतील.

घाटाखालचा
वकीलकाका, पुण्यात उलटं पण झालं ना? गावं आत घेऊन परत बाहेर?

वकीलकाका
हो. पुण्यात २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला २३. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. फाळा चढला त्या मानानं सुविधा नाहीत, ही मुख्य ओरड. कचरा डेपोचं दुखणं त्यांना आधीपासून होतंच. म्हणजे आत जाणं हे लग्नासारखं नाही, काडीमोड होतो. फक्त दोन्हीकडचा खर्च आपलाच.

पेठेतला_पैलवान
तिकडं इचलकरंजी २०२२ ला महापालिका झाली. एका जिल्ह्यात दोन महापालिका, आणि जिल्ह्याच्या गावाची हद्द तीच. हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, विमानतळ वाढला (तो पण उजळाईवाडीत, हद्दीबाहेर!), आपण अजून १९७२ मध्येच. टोल घालवायला सगळं गाव रस्त्यावर उतरलं होतं. हद्दवाढीला का नाही उतरत?

नकाशा
कारण टोल सगळ्यांनाच भरायचा होता. हद्दवाढीत एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं मागायचं, असं दोघांनाही वाटतं.

वळिवडे_लोकल
पेठेतली मंडळी आंदोलन करतात, की गावं आली नाहीत तर केएमटी बंद करू. आमच्याकडचे म्हणतात, तुमचं दूध-भाजी बंद करू. दोघांनी एकदा आठवडाभर खरंच करून बघा. मंगळवारपर्यंत समझोता होतोय.

व्यवस्थापक
दोन प्रतिसाद काढले आहेत. स्थानिक नेत्यांवर वैयक्तिक टीका नको. चर्चा चांगली चालली आहे, चालू द्या.

मिसळ_कमी_तिखट
काढलेला एक माझा होता. त्यात नेता नव्हता, रस्सा होता.

सीमेवरची
आलो. उशीर झाला, माफ करा.

यादी बघितली. माझं नाव अजून शाहूपुरीच्या यादीत. नवऱ्याचं पण. मग ग्रुपवर विचारलं. आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा फ्लॅट, त्यातल्या अकरा घरांची मतं अजून जुन्या पत्त्यावर, बहुतेक शहरात. कुणाची राजारामपुरीत, कुणाची मंगळवार पेठेत, एकाचं तर बेळगावात. का बदललं नाही, विचारलं तर प्रत्येकाचं एकच उत्तर, "तिथं आपली ओळख आहे ना." म्हणजे पलीकडच्या टिप्परला मत आम्हीच दिलंय आणि कचरा टाकायचा हक्क तेवढा नाही.

तरी रविवारी गेलो, मागं उभा राहायला. मारुतीच्या देवळासमोर मांडव, खुर्च्या लावलेल्या. साडेअकरापर्यंत माणसं मोजली तर बासष्ट. ग्रामसेवक म्हणाले, शंभर झाल्याशिवाय कोरम नाही. हे बोर्डवर दोन्ही बाजूंनी एवढं रान उठवतात आणि शंभर माणसं भरली नाहीत! पाऊण तास वाट बघून सभा तहकूब.

मग चहा झाला. एक म्हातारे आजोबा होते, पटका घातलेले, त्यांनी विचारलं, "कुठली गं पोरी तू?" म्हटलं, समोरच्या बिल्डिंगमधली. ते म्हणाले, "म्हंजे माझ्या जोंधळ्यातली." ती जमीन त्यांची होती. कुठल्या मजल्यावर राहतेस, विचारलं. तिसऱ्या म्हटल्यावर म्हणाले, "मग बरंय, तुला मोर दिसत असतील. खळ्याच्या अंगाला यायचे." मी चार वर्षांत मोर बघितलेला नाही.

गुऱ्हाळवाला
तहकूब सभेला कोरम लागत न्हाई ताई. पुढच्या वेळी वीस माणसं आली तरी ठराव होतोय.

वकीलकाका
बरोबर. आणि नाव नोंदवायचं असेल तर नमुना ६ नाही, पत्ता बदलला म्हणून नमुना ८. ऑनलाईन होतं.

पेठेतला_पैलवान
ताई, नाव शहरातच ठेवा! हद्दवाढ झाली की आपोआप जुळतंय.

बावड्याची_आक्का
तू गप रे. पन्नास वर्षं झाली, म्हणे आपोआप.

सीमेवरची
फॉर्म भरायला घेतलाय. नवरा म्हणतो, शाहूपुरीचं मत सोडलं तर सासूबाई रागावतील. त्यांना फोन लावतोय. मधल्या वेळात एक सांगा: तहकूब सभा पुढच्या रविवारी त्याच जागेला होते, की नवी नोटीस लागते? आणि गुऱ्हाळवाले, तुम्ही ह्याच गावचे तर नाही ना?

गुऱ्हाळवाला
नोटीस लागते, चावडीच्या भिंतीवर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रविवारी. पटका घालून बसलेलं म्हातारं माझं चुलतं.